जपून ठेवलेला ड्रायव्हर

चार वाजता लेक व्हिडिओ कॉलवर आमची पहिली नात दाखवणार होती. फोनवर बाळ नखाएवढं दिसतं, म्हणून बायकोला लॅपटॉपच हवा होता. मी त्यावर दुपारी हौसेने विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. चाराला पाच कमी असताना लॅपटॉप म्हणाला, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्या.

"अहो, ड्रायव्हरशिवाय इंटरनेट चालेल का?"

"नाही. म्हणून तर तो मी कालच उतरवून ठेवलाय."

"मग घाला की! कुठे ठेवलात?"

"लॅपटॉपवरच. हरवू नये म्हणून."

"दुपारी सगळा पुसलात, त्याच्यावरच?"

मी मान डोलावली.

चार वाजले. बायकोने फोन नाकाशी धरला आणि बोबडं बोलायला लागली.

"मलाही दाखव की."

"तुम्ही लॅपटॉपवर बघा."