जामखेडच्या खोलीचा खर्च

विष्णुपंतांनी अडतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आणि निवृत्त झाल्यावर कचेरी घरी आणली. भिंगारच्या जुन्या बाजारामागच्या त्यांच्या दुमजली घरात किराण्याच्या पावत्या तारेत ओवलेल्या असत, आणि दूधवाल्याच्या वहीवर त्याच्याच सहीशेजारी पंतांची सही असे. एकदा त्यांनी भाजीवालीकडे पावती मागितली. तिने त्यांच्याकडे एकवार पाहिलं, पाटी डोक्यावर घेतली आणि पुढची गल्ली धरली. त्यानंतर आठवडाभर ती दारात थांबली नाही. अखेर पुण्याला असणाऱ्या लेकीने, अपूर्वाने, गेल्या गुढीपाडव्याला घरखर्चाचं एक ऑनलाइन पान आईबाबांच्या मोबाईलवर लावून दिलं आणि पंतांना जणू पुन्हा नोकरीवर घेतलं.

पान अगदी साधं होतं. वर महिन्याला येणारे पैसे, खाली एकेक खातं. दूध, किराणा, भाजी, औषधं, वीज. प्रत्येकापुढे तीन रकाने: ठरलेले, झालेले, उरलेले. आणि सगळ्यांत शेवटी एक लांबट मोकळा रकाना, शेरा. हा शेवटचा रकाना पाहून पंतांचा चेहरा असा उजळला की अपूर्वाला हसू आवरेना. घरात कुणाला काही सांगायचं झालं तर पंत आजवर चिठ्ठी लिहीत आले होते. आता त्यांना हक्काची जागा मिळाली. ‘कोथिंबीर दोनदा का?’ ‘गॅस लवकर संपला, कारण?’ असे शेरे दर दोन दिवसांनी पडू लागले, आणि अंबिकाबाई ते वाचून पोळ्या लाटू लागल्या.

एका रकान्याशी मात्र पंतांचं कधीच जमलं नाही. तो म्हणजे उरलेले. कचेरीत मार्चअखेर जे उरतं ते परत जातं, आणि वर साहेब म्हणतात, यांना गरजच नव्हती. म्हणून पंतांची कचेरी दर मार्चात खुर्च्या घेत असे. ती सवय हाडीमाशी खिळलेली. महिन्याची अखेर आली आणि फळांच्या खात्यात तीनशे चाळीस रुपये उरलेले दिसले की ते पिशवी शोधू लागत. फेब्रुवारीत तर ते अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी बाहेर पडले आणि सात किलो द्राक्षं घेऊन आले.

“अहो, उरले तर उरू द्यावेत. कोण नेतंय ते?” अंबिकाबाई म्हणाल्या.

“लॅप्स होतात,” पंत गंभीरपणे म्हणाले.

चार दिवस दोघं द्राक्षं खात होते. खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सविताची दोन्ही मुलंही खात होती.

अंबिकाबाईंना त्या पानात आधी काडीचा रस नव्हता. त्यांचा स्वभाव पहिल्यापासून जरा तंद्रीचा. दूध उतू जाताना त्या शेजारीच उभ्या असत आणि मनाने कुठेतरी भलतीकडे असत. पण आषाढातल्या एका दुपारी पंत घोरत होते आणि त्या सहज बोटाने पान वर सारत गेल्या. सारत सारत पार तळाशी पोहोचल्या, तिथे एक बटण होतं. ‘दुसरं घर जोडा.’ शिकायला किंवा नोकरीला घरातलं कुणी परगावी असेल, त्यांच्यासाठी ते असतं, असं अपूर्वा सांगताना म्हणाली होती. अंबिकाबाईंनी ते दाबलं. कोरं पान उघडलं आणि त्याने विचारलं, या घराचं नाव काय?

बाई बराच वेळ बघत बसल्या. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी लिहिलं: जामखेड.

त्याचं असं झालं होतं. १९८४ साली, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा, अंबिकाबाईंना शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. जामखेडजवळच्या एका वाडीतली शाळा. पंधरा दिवसांत रुजू व्हावे. त्यांचे वडील स्वतः मास्तर, ते त्यांना घेऊन खोली बघायला गेले. शाळेसमोरच होती. एकच खोली, निळं दार, दारात लिंब, भिंतीत कोनाडा. घरमालकीण राहीबाई म्हणाली, “बाई, पावसात हितनं नदी दिसती बगा.” नदी तेव्हा कोरडी होती. पण बावीस वर्षांच्या अंबिकेला ती दिसली. भरलेली, लाल पाण्याची, काठावर मुलं दप्तरं डोक्यावर धरून उभी. भिंगारला परतून त्यांनी पंतांना नदीचं सांगितलं, पण घरात सासूबाई पाय मोडून पडलेल्या. मग पंतांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला, ‘घरगुती अडचणीमुळे रुजू होणे शक्य नाही,’ आणि अंबिकाबाईंनी खाली सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही.

चाळीस वर्षांत त्या खोलीचं नाव घरात निघालं नव्हतं. आता रोज दुपारी दोन ते चार अंबिकाबाई तिथे राहायला जाऊ लागल्या. दूध पाव लिटर, एकटीला किती लागतं. तेल, तांदूळ, थोडी तूरडाळ. दोन झाडू, एक अंगणाचा. खडू. शनिवारी घरी यायचं एस.टी.चं भाडं. वर पगाराच्या जागी त्यांनी अंदाजाने एक आकडा टाकला आणि हळूहळू त्यांना कळलं की या साध्या पानात मोठी गंमत आहे. दुपारचा चहा सोडला तर चार महिन्यांत खिडकीला पडदा होतो. साबण स्वस्तातला घेतला तर मुलांना रंगीत खडूंची पेटी येते. आकडा बदलला की खोली बदलायची. पडदा झाला त्या दुपारी बाईंना खरोखर वाटलं की समोरच्या भिंतीवर हलका हिरवा उजेड पडलाय.

आता एवढं मनापासून घर मांडायचं तर भाव खोटे टाकून कसं चालेल? सविताचं माहेर त्याच बाजूचं. तिचा नवरा हनुमंत नागापूरच्या कारखान्यात, ती घरी शिवणकाम करणारी. गच्चीत कपडे वाळत घालताना बाईंनी तिला गाठलं.

“सविता, तुमच्याकडे खोलीला काय भाडं पडतं गं हल्ली?”

“दीड-दोन हजाराला मिळती की काकू. पर तुमाला कशाला वो खोली?”

“मला नको. सहज विचारलं.”

“आमच्या आसाराम चुलत्याची हाय एक रिकामी, शाळंपशीच.” सविताने चादर झटकली. “दिवाळी झाली की समदी वाडी ऊस तोडाया जाती. माजा भाऊ, भावजय, समदे. पोरं ऱ्हात्यात केशरआत्यापशी. आत्याला दिसत न्हाई नीट. पोरांचा अब्यास कोन बगनार? शाळंतनं आली की हिंडत्यात आपली.”

“किती मुलं?”

“धा-बारा आसतील.”

त्या दुपारी अंबिकाबाईंनी जामखेडच्या पानावर एक नवं खातं उघडलं. वह्या, बारा. आणि मग खोली रिकामी राहिली नाही. दार उघडलं की लिंबाखाली बारा जणं बसलेली असत. एकाचं नाक वाहतंय, एकीला पाढे येतायत पण सांगायला लाजतेय. बाई त्यांना शिकवून चार वाजता भिंगारला परत येत आणि पंतांचा चहा ठेवत. हे सुख होतं, आणि ते आपलं एकटीचं आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. आपल्या मोबाईलमधलं पान म्हणजे आपल्या कपाटातली वही, असंच त्या धरून चालल्या होत्या. दोघांच्या मोबाईलवर एकच पान आहे, एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं, हे अपूर्वाने सांगितलं होतं. पण तेव्हा बाई तंद्रीत होत्या.

पंत कधी तळापर्यंत गेलेच नव्हते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात मात्र वर्षाचा मेळ घालायला बसले आणि गेले. एकोणतीस तारखेला दुपारी अंबिकाबाईंनी जामखेड उघडलं, तर भाड्यापुढच्या शेऱ्यात एक ओळ होती. ती त्यांची नव्हती.

‘सदर घराबाबत खुलासा व्हावा. वि.’

 बाईंनी दारातून पाहिलं. पंत बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, मोबाईल मांडीवर, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मध्ये आठ पावलं होती. ते तिथून विचारू शकले असते. याही जाऊन सांगू शकल्या असत्या. पण या घरात तशी रीतच पडली नव्हती. बाईंनी खूप वेळा लिहिलं, खूप वेळा पुसलं, आणि शेवटी शेऱ्यात एवढंच राहिलं: ‘असं घर नाही. नुसतंच मांडलंय.’

उत्तर आलं नाही. तीस तारीख गेली. पंत जेवताना बोलले नाहीत, पण ते एरवीही बोलत नसत. एकदा दुपारी चपला घालून बाहेर गेले आणि तासाने आले. अंबिकाबाईंना आता एकच भीती होती. त्या घरात वर्षभर ठरलेलंच होतं सगळं. झालेले हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. एक पैसा खर्च नाही. खर्च नाही म्हणजे गरज नाही, आणि असलं खातं मार्चअखेर बंद करायचं, ही पंतांची कचेरीची रीत त्यांना चांगली ठाऊक होती. आणि एकदा का पुसलं गेलं, तर ते निळं दार, तो पडदा, ती बारा मुलं पुन्हा पहिल्यापासून मांडायची ताकद आपल्यात नाही, हेही त्यांना कळत होतं. माणूस एवढं एकदाच मांडतो.

एकतीस तारखेला संध्याकाळी पंतांनी चष्मा पुसला. “वर्ष बंद करतोय,” ते म्हणाले.

तेवढं एक राहू द्या, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. “चहा ठेवू?” त्या म्हणाल्या.

“ठेव.”

सकाळी भिंगारच्या लष्करी छावणीतला बिगुल वाजला तेव्हा अंबिकाबाई मोबाईल घेऊन गच्चीवर गेल्या. खाली घरात पान उघडायचं धाडस नव्हतं. सविता आधीच तिथे होती, बादलीतले कपडे पिळत.

“काकू,” ती म्हणाली, “काकांनी परवा आसाराम चुलत्याला फोन लावला हुता. तिकडं कुनाची खोली हाय का म्हनून माज्याकडंच आले, नंबर घेतला. खोलीला खिडकी हाय का, नदी दिसती का, आसलं कायबाय इचारत हुते म्हनं. चुलता म्हनला, पावसात दिसती.”

 बाई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकल्या आणि त्यांनी पान उघडलं.

नवं वर्ष लागलं होतं. वर भिंगार, नेहमीचं. त्याखाली जामखेड होतं. जसंच्या तसं, पडद्यासकट. सगळ्यांत वर पंतांनी लिहिलं होतं, ‘मागील शिल्लक पुढे ओढली.’ अडतीस वर्षांच्या नोकरीत आणि सात वर्षांच्या निवृत्तीत त्या माणसाने कधी काही पुढे ओढलं नव्हतं. पगाराचा बाईंचा अंदाजी आकडा काढून टाकला होता. त्या जागी होतं, ‘भिंगार पेन्शनमधून वर्ग, दरमहा पाच हजार. दिवाळी ते गुढीपाडवा.’ एक झाडू कमी केला होता, दोन कशाला म्हणून. वह्या बाराच्या पंधरा केल्या होत्या. दुधापुढे शेरा होता, ‘शनिवारी पाहुणा एक, अर्धा लिटर धरावे.’

आणि भाड्यापुढे, खुलासा मागितला होता त्याच्याच खाली:

‘सन १९८४च्या अर्जात नमूद केलेली घरगुती अडचण आता राहिलेली नाही. रुजू व्हावे. उशिराबद्दल दिलगीर आहे. वि.’

अंबिकाबाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. सविता कपडे तसेच टाकून जवळ येऊन बसली आणि काही न विचारता त्यांच्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली.

रविवारी दोघं खोली बघायला निघाले. एस.टी.त पंत खिडकीशी बसायचे, हा शिरस्ता. पण आज ते दांडीजवळ उभे राहिले आणि बाईंना आत सरकू दिलं. कंडक्टरने दोन अर्धी तिकिटं फाडली. बस गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंनी उन्हातली रिकामी रानं मागे जाऊ लागली, आणि बाईंना कधी नव्हे ते सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी मोबाईल काढला, जामखेड उघडलं, आणि प्रवासापुढे, झालेले या कोऱ्या रकान्यात, पहिला आकडा लिहिला.

पंतांनी चष्म्यावरून तो नीट वाचला.

“तिकीट टाकू नकोस,” ते म्हणाले. “पावती लागेल.”