तक्रारीच्या रकान्यातला जिताडा

अहवालात शेजारपाजारच्या लोकांकडून आलेल्या तक्रारींचा एक रकाना होता. अंबरीशने तिथे शून्य लिहिलं.

रोह्यातल्या एका केमिकल कंपनीत पर्यावरणाचं सगळं झेंगट त्याच्या गळ्यात होतं. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांनी पाणी किती वापरलं, घाण किती सोडली, लोकांना काय त्रास झाला, हे दरवर्षी जाहीर करायचं, असा आता नियमच आहे. नियम चांगलाच आहे हो, पण रकाने भरणारी माणसं आपल्यातलीच!

डिसेंबरात खाडीकाठचा काळुराम पोत्यात गुंडाळलेला हातभर जिताडा मासा घेऊन आला होता. टेबलावर ठेवून म्हणाला, "माझ्या तळ्यातला हाय. साहेब, तुमीच बघा." आणि हात जोडून गेला. अंबरीश पेणचा. दारात जिताडा आला की कुणाचं तरी काम अडलंय, हे तो लहानपणापासून बघत आलेला. ह्याच्या पोराला नोकरी हवी असणार, असं धरून त्याने मासा गाडीत टाकला.

घरी बायकोने, ऋजुताने, पहिली तुकडी तव्यावर सोडली आणि नाक दाबलं. "अरे, हा तर तुझ्या कामावरच्या शर्टासारखा वास मारतोय!"

तिने मासा फेकून दिला. अंबरीशला सगळं कळलं होतं, अगदी त्याच क्षणी. पण वरच्या साहेबांना सांगायचं म्हणजे चौकशा, पाण्याचे नमुने, शिव्या. काळुरामने लेखी अर्ज कुठे दिलाय, अशी त्याने मनाची समजूत घातली. मन काही समजलं नाही. त्यानंतर त्याला घरात मासा नकोसा झाला.

आता मे महिन्यात अहवाल तपासायला मुंबईहून मृणाली आली होती. रकान्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "तोंडी तक्रारीही धरायच्या असतात. वर्षभरात कुणी काहीच बोललं नाही?"

"नाही," अंबरीश म्हणाला.

तेवढ्यात गेटवरून फोन आला. काळुराम भेटायला आला होता. अंबरीश धावतच गेला.

"साहेब, त्या जिताड्याचा रिपोट काय आला?" काळुरामने विचारलं. "तुमी काय कळवलंत नाय. म्हणलं, खराब असता तर साहेब बोलले असते. मग गेल्या आठवड्यात तळं उपसलं. घरात सगळ्यांनी खाल्ला. नात तेवापासून पोट धरून बसलीय. पण ते दुसरंच काय तरी असंल. मासा तर तुमी बघितला व्हता."

अंबरीशला त्याच्या तोंडाकडे बघवेना. माणसाने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ह्याचा तर अजून विश्वास होता.

"थांब इथंच, आलो," एवढंच कसंबसं म्हणून तो परत आला. शून्य खोडून त्याने एक लिहिलं.

मृणालीने भुवया उंचावल्या. "कसली तक्रार? पुरावा आहे?"

"आपण खाडीत सोडतो त्या पाण्याची. तेच त्याच्या तळ्यात येतं. त्याने जिताडा आणून दिला होता."

"मग कुठे आहे तो?"

"मी घरी नेला. भेट समजून." त्याने गाडीची किल्ली उचलली. "वास आला तेव्हा कळलं, तरी गप्प बसलो. तेही लिहा. मी त्याच्या नातीला दवाखान्यात घेऊन जातोय. डॉक्टरांना पण हेच सांगावं लागेल."