ताईच्या सिनेमाचं नाव

‘अग्निदुर्ग’ मालिकेचे आठ सिनेमे धो धो चालले होते. नववा ताईने लिहिला, आणि त्याच कंपनीत तिचा धाकटा भाऊ जाहिरात विभाग सांभाळत होता.

ताईच्या कथेत लढाई जवळजवळ नव्हतीच. किल्ल्यातल्या सैनिकांचे फाटके गणवेश शिवणारा एक म्हातारा शिंपी होता. आई गेल्यावर शिलाईच्या मशीनवर दोघा भावंडांना वाढवणारे बाबाच ते, हे धाकट्याने पहिल्या दहा पानांत ओळखलं. ताईने नाव ठेवलं होतं ‘उसवण’.

बैठकीत साहेबांनी विचारलं, “हे नाव चालेल?”

ताईची बाजू घ्यायला एक शब्द पुरला असता. पण साहेबांचा चेहरा बघून धाकटा म्हणाला, “‘अग्निदुर्ग: उदय’ करू. ओळखीच्या नावाला गर्दी होते.” आधीचा ‘अग्निदुर्ग: उगम’ अजून थिएटरांत चालू होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“वरूनच ठरलं गं,” त्याने ताईला सांगून टाकलं.

सिनेमा लागला. ‘उगम’ही अजून चालूच होता, त्यामुळे लोकांना वाटलं, हा तोच जुना. दुसऱ्या आठवड्यात एकाच थिएटरात एक खेळ उरला.

त्याच आठवड्यात इस्त्रीचा सदरा घालून बाबा एकटेच जाऊन सिनेमा बघून आले. संध्याकाळी धाकटा घरी गेला.

“छान आहे रे,” बाबा म्हणाले. “आवाज फार. पण तो शिंपी काही दिसला नाही. मधे डोळा लागला असेल माझा.”

धाकट्याने तिकीट मागून घेतलं. त्यावर ‘उगम’ छापलेलं होतं.

“खिडकीवरच्या मुलीने विचारलं, उदय की उगम? मला काय कळतंय त्यातलं! म्हटलं, दे कुठलंही.” बाबांनी आवाज खाली आणला. “ताईचा फोन आला होता. शेवट कसा वाटला म्हणाली. मी सांगितलं, डोळ्यांत पाणी आलं. तिला बोलू नकोस हं.”

धाकट्याला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तो बाबांना ‘उदय’ बघायला घेऊन गेला. आत मोजून सात माणसं. त्यांतले दोघं पाच मिनिटांत उठले, “अरे, हा तो नव्हे!” म्हणत. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. दिवे लागल्यावर त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि पुसतच राहिले.

बाहेर येऊन त्याने ताईला फोन लावला. “नाव मी बदललं. साहेबांनी नाही.”

ताईने एवढंच विचारलं, “बाबांनी पाहिला?”

“आत्ता पाहिला.”

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने साहेबांना आपली चूक लेखी कळवली. घरी बघायच्या आवृत्तीवर ‘उसवण’ आलं, आणि थोड्या लोकांनी तो शोधून पाहिलाही. चार महिन्यांनी ताई बोलायला लागली. पण नवं काही लिहिलं की आता ती आधी त्याला वाचायला देत नाही, आणि तोही मागत नाही.