मुसफ्फाचा दफ, कॅनडाचं चामडं

मी दफ बोलतोय. शाहिराचा डफ तुम्ही ऐकला असेल. तो माझा चुलतभाऊ, जरा जास्तच आरडाओरडा करणारा. मी म्हणजे फणसाच्या लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बकरीचं चामडं. श्रीवर्धनच्या एका उस्तादांनी मला घडवलं आणि आपल्या शागिर्दाच्या, अजीजभाईंच्या हाती दिलं. देताना एक नियम घातला: तीन माणसं बसली असतील तरच वाजवायचा. एकट्याने वाजवलं की माणूस स्वतःलाच ऐकत बसतो.

अजीजभाईंनी मला अबू धाबीला, मुसफ्फात आणलं. तिथे ते वर्कशॉपमध्ये फोरमन होते. दर गुरुवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर त्यांच्या घरी चौदा-पंधरा कोकणी माणसं गोल करून बसत आणि जिक्र चाले, म्हणजे अल्लाच्या नावाचा एका सुरातला जप. पहिली थाप माझी असे. दमट हवेने माझं चामडं सैल पडे, म्हणून अजीजभाई आधी मला गॅसवर शेकत. त्यांची बायको मैमुनाबी पातेलं घेऊन ताटकळत उभी राही.

“तुमच्या दफाचं झालं असेल तर मी चहा ठेवते,” ती म्हणे.

मला त्या मानाची सवय झाली होती. खोटं कशाला बोलू?

मग २००८ची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, कंपनीच्या बसमध्ये सीट रिकाम्या दिसू लागल्या. आमच्या बैठकीतलेही एकेक करून गावी परतले. शेवटी अजीजभाई आणि वेल्डर खैरुद्दीन, असे दोघेच उरले. नियमाने मी गप्प झालो, पण तिसरा कोणी येईल म्हणून अजीजभाई मला शेकून ठेवत. एका गुरुवारी खैरुद्दीन दारातूनच म्हणाला, “खलास, अजीजभाई. माझा व्हिसा कॅन्सल झाला. शनिवारचं फ्लाइट आहे.”

त्या संध्याकाळी अजीजभाईंनी मला खिळ्याला टांगलं. त्यानंतर दर गुरुवारी ते सतरंजी अंथरत, थोडा वेळ बसत आणि तशीच गुंडाळून ठेवत. त्यांच्याकडे बघवत नसे.

त्यांचा मुलगा यहया दुबईत सिलिकॉन ओएसिसला इंजिनियर होता. त्याचीही नोकरी गेली आणि दोन वर्षांनी तो कॅनडाला निघाला. अजीजभाईंनी मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत ठेवलं.

“अब्बा, आय डोन्ट इव्हन नो द वर्ड्स,” यहया म्हणाला.

“शब्द मी शिकवेन. तू तीन माणसं जमव. तोवर हात लावू नकोस.”

टोरोंटोजवळ एका तळघरात, कपाटातल्या स्वेटरांखाली माझी दोन वर्षं गेली. वर घरमालकीण हेदर राही, शाळेतून निवृत्त झालेली. एकदा यहया फोनवर वडिलांकडून जिक्रचे शब्द घटवून घेत होता, ते तिने जिन्यावरून ऐकलं आणि आपणही बसू का म्हणून विचारलं. यहयाच्या ओळखीचा सेनेगलचा टॅक्सीवाला मामदू तर लहानपणापासून जिक्रमध्ये बसलेला. तिघं झाली. गुरुवारी मामदूला सवड नव्हती, म्हणून रविवारची सकाळ ठरली.

“जुमेरात सोडून रविवार? आणि बाईमाणूस?” अजीजभाई फोनवर कुरकुरले. मग म्हणाले, “बरं. इन्शाल्ला. लॅपटॉप समोर ठेव.”

पहिल्या रविवारी मुसफ्फात संध्याकाळ होती. लॅपटॉपवर अजीजभाई दिसत होते, पांढरी टोपी घालून, सतरंजीवर एकटे. यहयाने मला काढलं आणि वडिलांना करताना बघितलं होतं तसंच शेगडीवर शेकायला धरलं. बाहेर बर्फ, घरात हीटर. त्या कोरड्या हवेने मी आधीच खणखणीत ताणलेला होतो. त्याला कोण सांगणार? चर्रकन आवाज झाला आणि मी मधोमध फाटलो.

यहया मला मांडीवर घेऊन खाली बघत बसला. “अब्बा, आय अॅम सॉरी. उस्तादांचा दफ...”

मला वाटलं, संपलं. माझ्यावाचून कसली बैठक?

“किती जण आहात?” अजीजभाईंनी विचारलं.

“तीन.”

“चार. मी काय भिंत आहे? तोंडं शाबूत आहेत ना सगळ्यांची? मग करा सुरू.”

आणि त्यांनी सुरू केलं. हेदरचे उच्चार अडखळत होते, मामदूचा सूर वेगळाच होता, अजीजभाईंचा आवाज सगळ्यांच्या मागून येत होता. चार-पाच वर्षांनी ते जिक्र करत होते. मी फाटका, मुका, यहयाच्या मांडीवर. मला फार लागलं. पण लॅपटॉपवर अजीजभाईंची दाढी भिजलेली दिसली, तेव्हा माझा रुसवा लाजला.

पुढे हेदरच्या भावाच्या गोठ्यातल्या बकरीचं चामडं माझ्यावर चढलं. आता वाजवण्याआधी यहया माझ्यावरून ओला स्पंज फिरवतो. रविवारी अकरा जण बसतात. अजीजभाईंना कॅनडाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. तिसरा अर्ज परवाच गेलाय.

अजीजभाई, लवकर या. माझ्या या चामड्याला तुमचा हात अजून ठाऊक नाही.