मडगार्डावरचा हात

बाईंनी तारेचा ब्रश खाली ठेवला, हातमोज्याच्या पाठीने चष्मा वर सारला आणि पुढच्या मडगार्डाकडे, लबाड विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहावं तसं, पाहिलं. काल संध्याकाळी लख्ख घासून ठेवलेल्या पत्र्यावर आज सकाळी पुन्हा एक हात उमटला होता. तळव्याची गादी, चार बोटं आणि जरा फटकून उभा राहिलेला अंगठा. सगळं नारिंगी, मऊ आणि कडांना विरत गेलेलं. पहाटेच्या झोपेतून कुणीतरी चालत यावं, पत्र्याला टेकावं आणि पुन्हा झोपेत निघून जावं, तसं.

उघड्या पत्र्याला माणसाचा घाम सोसत नाही. त्यात समुद्र जवळ, हवा खारी. म्हणून बाई दिवसभर हातमोजे घालून पत्रा घासत आणि काम संपलं की त्यावर तेलाचं पातळ बोट फिरवून ठेवत. एवढं करूनही, कुणी उघडा तळवा टेकवला की तेल पुसलं जाई आणि सकाळपर्यंत तिथे गंज धरे. हे कुणीतरी रोज करत होतं.

गाडी दादांची. धाकटा भाऊ ‘दादा’ म्हणे म्हणून सगळं घर त्यांना दादाच म्हणू लागलं होतं. फक्त बाई ‘अहो’वर भागवत. दादांनी नोकरी केली नकाशे काढायची आणि प्रेम केलं ते या गोलमटोल, बेडकासारखे डोळे असलेल्या जुन्या मोटारीवर, असं बाई पूर्वी चारचौघांत सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती गॅरेजात उघडली, दारं उतरवली, आसनं काढली, आणि तेवढ्यात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. शब्द राहिले ते मोजके, आणि तेही लांबच्या गावाहून पायी आल्यासारखे दमून पोचत. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी गॅरेजाकडे बोट केलं आणि म्हणाले,

“रंग... चढताना... बघायचाय.”

त्यानंतर एवढं लांब वाक्य ते बोलले नव्हते. म्हणून बाईंनी आपलं टेबल आवरलं आणि ब्रश हातात घेतला.

बाईंचं आयुष्य जुन्या पोथ्या ताडून पाहण्यात गेलं होतं. शेवटची प्रत तपासून होईपर्यंत पहिली ओळही कायम करायची नाही, हा त्यांचा दंडक, आणि तोच त्यांनी गाडीला लावला. गाड्यांची कामं करणारी माणसं एक दार घासतात, त्याला रंगाखालचा प्रायमर मारतात आणि मग दुसऱ्याला हात घालतात. बाईंच्या मते त्यांच्यात आणि बाजारू प्रकाशकांत फरक नव्हता. अख्खी गाडी कोरी झाल्याशिवाय प्रायमरचा थेंब लागणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यामुळे पुढची बाजू उजळली की मागची तांबूस होई, आणि मागची आवरून यावं तर पुढची त्यांची वाट पाहत बसलेली असे. गेल्या आठवड्यात मात्र, केवळ हट्टाच्या जोरावर, बाईंनी गाडी चहूबाजूंनी एकाच दिवशी कोरी करून दाखवली होती. तेव्हापासून सकाळी हा हात दिसू लागला.

गाड्या रंगवण्याचा कारखाना असलेले धाकटे दीर दोनदा सगळं सामान घेऊन आले आणि दोन्ही वेळा मडगार्ड पाहून परत गेले.

“वहिनी, या चालीने गाडी पुरी होईल ती आपल्या नातवंडांच्या निवृत्तीला.”

“घाईत उरकणाऱ्यांनी काय काय छापून ठेवलंय ते मी वाचलंय, भावजी.”

“तुम्ही वाचत बसा. मी रविवारी येतो. पत्रा कोरा दिसला तर इथेच रंगवतो. नाही दिसला, तर ट्रकवर घालून कारखान्यात नेतो आणि तिथे पुरी करतो.”

“तिथवरचा प्रवास त्यांना झेपायचा नाही.”

“माहितीये मला,” दीर खाली बघत म्हणाले. “पण गंजावर रंग मारायला मला सांगू नका. वर्षभरात फोड येतात. मग दादाच म्हणेल, धाकट्याने कसंतरी उरकलं.”

तेव्हा तो हात कुणाचा, हे रविवारच्या आत ठरणं भाग होतं. असल्या कामात बाईंचा दरारा होता. एका नामांकित पोथीचा शेवटचा अध्याय वेगळ्याच लेखनिकाच्या हातचा आहे, हे त्यांनी एका अक्षराच्या कलावरून दाखवून दिलं होतं. त्यात एका सहकाऱ्याचा उभ्या जन्माचा सिद्धान्त आडवा झाला. तो सहकारी पुढे सभांना यायचाच थांबला. बाईंनी त्याची दखल तळटीपेत घेतली. आता त्यांनी मडगार्डावर पारदर्शक कागद धरला, ठशाची कड पेन्सिलीने उतरवून घेतली आणि खिडकीच्या उजेडात तो कागद बराच वेळ न्याहाळला. गंजाने कडा इतक्या पसरल्या होत्या की लांबीरुंदी सांगणं अवघड होतं. पण अंगठ्याची बाजू स्पष्ट होती. हात डावा होता. आणि या घरात डाव्या हाताने जगणारा माणूस एकच होता. शिवाय तो माणूस रोज उजाडताना काठी टेकत गॅरेजात जातो आणि बिनआसनाच्या गाडीत एका खोक्यावर बसून राहतो, हे त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्वतः पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी चहाचा कप दादांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि समोर बसल्या.

“रोज गाडीला हात कोण लावतं?”

दादांनी कपातल्या वाफेकडे पाहिलं.

“तुम्ही लावता?”

दादांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू काहीतरी जुळवत असल्यासारखी हलली.

“हो.”

“चुकून?”

“नाही.”

“म्हणजे मुद्दाम!”

“हो.”

बाईंचा राग ही पाहण्यासारखी गोष्ट होती. त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली उतरे, आणि वाक्यं लांब होत, उपवाक्यांसकट, एकही क्रियापद जागा न सोडता. आपण आपलं काम बासनात बांधून ठेवून कुणासाठी या ढिगाऱ्यात गुडघे फोडून घेतोय. ज्याच्यासाठी हे चाललंय त्यानेच पाठीमागून ते नासवावं याला काय म्हणायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच आपल्या लक्षात यायला हवं होतं, जेव्हा या गृहस्थांनी आपल्या आईच्या भेटीला म्हणून निघून वाटेत कार्ब्युरेटर खोलायला गाडी थांबवली आणि स्वतःच्याच सासूबाईंना दिवसभर ताटकळत ठेवलं. आडमुठेपणाला आजारपणाची झूल घातली म्हणून तो आडमुठेपणा राहत नाही असं नव्हे. दादा ऐकत होते. मध्येच त्यांची डावी भुवई वर गेली, पूर्वी वाद रंगात आला की जायची तशी. त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, जे बरेच महिने झालं नव्हतं. बाईंनी हे पाहिलं, पण रागाच्या भरात त्याला अर्थ चिकटवायचा राहून गेला.

त्याच दिवशी त्यांनी गॅरेजाला कुलूप घातलं आणि किल्ली साडीवरच्या जुन्या शर्टाच्या खिशात टाकली.

शनिवारभर दादा बंद दारासमोर खुर्ची टाकून बसले. आत बाई मडगार्ड घासत होत्या. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात गंजाची पूड तरंगत होती, इतकी सावकाश की तिला खाली यायचंच नसावं. पॉलिश पेपरचा एकसुरी आवाज चालू राहिला. त्या आवाजात बाईंना मधूनच वाटे की आपण गाडी घासत नाही, कुठल्यातरी खोल पाण्याच्या तळाशी बसून एक भलामोठा शिंपला साफ करतोय, आणि वर, पाण्यापलीकडे, कुणीतरी खुर्ची टाकून बसलंय. घासणं थांबलं की बाहेरून खुर्ची करकरे. घासणं चालू झालं की ती गप्प होई. संध्याकाळी त्यांनी तेलाचं बोट फिरवलं, हातमोजे काढले, बॉनेटवरचा दिवा बंद केला आणि बाहेर येऊन कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

“चला आत,” त्या म्हणाल्या. दादा मुकाट्याने उठले.

रविवारी दीर लवकर आले. कॉम्प्रेसर उतरवून त्यांनी नळीचा गुंता सोडवायला घेतला. बाईंनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार सारलं.

मडगार्डावर हात होता.

“अरेच्चा!” दीर मागून डोकावले. “दादा आत शिरला कसा? कुलूप होतं ना?”

“होतं.”

“मग किल्ली?”

“माझ्याकडे.”

“मग भूत म्हणायचं,” असं म्हणून दीर पुन्हा नळीकडे वळले. त्यांचा आवाज पडला होता. “ट्रकवाल्याला फोन करतो, वहिनी.”

जवळून पाहावं म्हणून बाई बुटक्या स्टुलावर बसल्या, रोज बसत तशाच. ठसा ताजा होता, कडा पसरलेल्या नव्हत्या. बोटं लांब नव्हती. करंगळी जराशी आत वळलेली होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उठायला म्हणून गुडघे सरळ करू लागल्या. उजवा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला आणि डावा, कुणी न सांगता, मडगार्डाकडे निघाला.

तो त्यांनी हवेतच थांबवला. खाली, दोन बोटांच्या अंतरावर, तोच हात होता, करंगळी आत वळलेला.

काही वेळ बाई तशाच अर्धवट उभ्या राहिल्या. पुरावा भक्कम होता. असा एखाद्या परक्या माणसाविरुद्ध हाती आला असता तर त्यांना दिवसभर गोड लागलं असतं.

“फोन ठेवा, भावजी,” त्या म्हणाल्या. “डाग एकच आहे. घासून देते. तोवर चहा घ्या.”

“आणि उद्या पुन्हा?”

“उद्या त्यावर प्रायमर असेल.”

त्या बाहेर आल्या. दादा कालच्याच खुर्चीवर, कोवळ्या उन्हात, डोळे मिटून बसले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, तशी त्यांच्या पापण्यांवर सावली आली आणि त्यांनी डोळे उघडले.

“तुम्ही गाडीला हात लावलाच नव्हता.”

दादांनी मानेने नाही म्हटलं.

“मग हो का म्हणालात?”

शब्द निघाले असावेत, पण पोचायला वेळ लागत होता. बाई थांबल्या. इस्पितळापासून लोक दादांची वाक्यं अर्ध्यावरच पुरी करून टाकत, लहान मुलाच्या तोंडात घास कोंबावा तशी; डॉक्टर, शेजारी, दीर आणि, आता आठवू लागलं, आपणसुद्धा. ‘झालं का?’ ‘छान हं.’ ‘दमू नका.’ ‘राहू द्या, मी करते.’ शुक्रवारपर्यंतच्या या दीड वर्षात त्यांनी दादांना एकदाही चुकीचं ठरवलं नव्हतं.

“तू...” दादा म्हणाले. मग विसावले. “भांडलीस.”

दादांनी पुन्हा दम घेतला.

“किती... दिवसांनी.”

आतून दिरांनी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. बाईंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि तो स्वच्छ असल्याचं ध्यानात आल्यावर नाकावर चढवला.

“उठा,” त्या म्हणाल्या, आणि आवाज पूर्वीसारखा खाली उतरला. “खोटी साक्ष देऊन वर उन्हात आरामात बसायचं, हे माझ्या घरात चालायचं नाही. आत येऊन बसा. आणि काठी दाराशी ठेवा, नळीत अडकून पडाल आणि तेही माझ्याच नावावर जाईल.”

दादांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

आत दिरांनी विचारलं, “सापडला का चोर?”

दादांनी वर्गात करतात तसा डावा हात वर केला. बाईंनी तोंड उघडलं. चूक दुरुस्त केल्याशिवाय पान उलटायचं नाही, ही जन्माची सवय. दादांनी त्यांच्याकडे पाहून हळूच नकाराची मान हलवली. बाईंनी तोंड मिटलं आणि पॉलिश पेपर उचलला.

डाग निघाला. थिनरच्या बोळ्याने तेल पुसून झालं. दीर तोंडाला फडकं बांधता बांधता म्हणाले,

“प्रायमर राखाडी. पण वरचा रंग आजच सांगून ठेवा, मिसळायला वेळ लागतो.”

“मूळचा,” बाई म्हणाल्या. “दाराच्या कडेखाली एक थर शाबूत सापडलाय. फिकट राखी, किंचित हिरवट. त्यात वादाला जागाच नाही.”

“लाल,” दादा म्हणाले.

दिरांचे हात फडक्याच्या गाठीवरच थांबले. बाई वळल्या.

“लाल? ही गाडी जन्मात कधी लाल नव्हती.”

“लाल.”

“या वयात? लोक काय म्हणतील, अग्निशमन दलातून निवृत्त झालात?”

दादांची भुवई वर गेली. ती खाली यायची चिन्हं नव्हती.

बाईंनी बुटकं स्टूल ओढून त्यांच्यासमोर आणलं, त्यावर बसल्या आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

“कारण सांगा,” त्या म्हणाल्या, आणि वाट पाहू लागल्या.