तीन सेकंदांची शाबासकी

मी एक जुना दिवा आहे, सात मजली इमारतीच्या जिन्यातला, आणि मित्रांनो, मला तोंड दाखवायची लाज वाटते. पण भिंतीला ठोकलेल्याने तोंड लपवायचं तरी कुठे? म्हणून एकदाचं सांगूनच टाकतो.

माझं काम एकच. वीज असते तोवर मी गप्प असतो आणि माझ्या पोटातली बॅटरी भरत राहते. वीज गेली की मी आपोआप लागतो आणि तीन तास उजेड देतो, म्हणजे माणसं सुखरूप खाली उतरतील. आमच्या जिन्याला एकही खिडकी नाही. भरदुपारी वीज गेली तरी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख होतो.

कारखान्यात आम्हा चाळीस जणांना टेबलावर मांडून तीन तास पेटवून ठेवलं होतं. त्यातले दोघे अडीच तासांतच विझले. त्यांना नापासांच्या खोक्यात टाकलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना हसलो होतो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मला तिसऱ्या मजल्यावर, डोळ्यांच्या दवाखान्याच्या दाराशी लावलं. दर महिन्याला आमची तपासणी करायला वायरमन यायचा. अंगाने बुटका, पण तोंडाने मोठा रसाळ माणूस. शिडी उचलायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून त्याने एका काठीच्या टोकाला रबर बसवलं होतं. खाली उभा राहून तो काठीने माझं बटण दाबायचा. बटण दाबलं की मला वाटतं वीज गेली, आणि मी लागतो. सगळे त्याला काठीकाका म्हणायचे.

"एक, दोन, तीन! शाब्बास रे पठ्ठ्या!" असं म्हणून तो वहीत बरोबरची खूण करायचा आणि पुढच्या मजल्यावर जायचा. मी शेफारून गेलो होतो हो. सगळ्या जिन्यात माझ्यासारखा शहाणा मीच!

वर्षातून एकदा जिन्याची वीज बंद करून आम्हाला पुरते तीन तास पेटत ठेवायचं असतं. पण दवाखाना म्हणायचा, आज रुग्ण फार आहेत. वरची कचेरी म्हणायची, आज साहेब येणार आहेत. मग काठीकाका म्हणायचा, "बरं, पुढच्या महिन्यात बघू." अशी चार वर्षं गेली.

आणि माझी बॅटरी फुगली. मला ते कळत होतं. तीन सेकंद मी छान लागायचो, पण दहा-बारा सेकंदांपुढे जीव उरायचा नाही. एखाद्या तपासणीला मी मुद्दाम विझायला हवं होतं. पण शाबासकीची चटक लागली होती ना! मी सगळं बळ एकवटून ते तीन सेकंद काढायचो आणि वेळ मारून न्यायचो.

एका दुपारी दवाखान्यातून एक आजी बाहेर आल्या, सोबत सून. आजी शर्टांची काजं हाताने करायच्या. मोतीबिंदूमुळे वर्षभर सुई बंद होती. त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी निघाली होती.

"अगं, तुझ्या साडीचा टाका न् टाका दिसतोय मला!" त्या सुनेला सांगत होत्या. "उद्याच सुई हातात घेते बघ."

तेवढ्यात वीज गेली. लिफ्ट बंद. मी झटकन लागलो. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "जिन्यात दिवा आहे. सावकाश उतरा."

"आई, कठडा धरा हं," सून म्हणाली.

"कशाला? लख्ख दिसतंय की मला!" आजींनी हसत कठडा सोडला आणि चार पायऱ्या उतरल्या. पाचवीवर पाय टाकायला आणि मी विझायला एकच गाठ पडली.

नुसता आवाज आला. मग सुनेची किंकाळी. आजींचं उजवं मनगट मोडलं होतं. डोळा परत मिळाला, त्याच दिवशी हात गेला. मित्रांनो, मी मुळात लागलोच नसतो, तर त्या कठडा धरून जागीच थांबल्या असत्या. माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून त्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी काठीकाका शिडी घेऊन आला. पहिल्यांदाच! त्याने माझं पोट उघडलं, फुगलेली बॅटरी बाहेर काढली आणि ती हातात धरून मला म्हणाला,

"तुझं काय चुकलं रे? मीच तुला तीन सेकंदांत पास करत बसलो." मग त्याने वही काढली. सगळ्या बरोबरच्या खुणांखाली लिहिलं, 'नीट तपासला नाही. चूक माझी.' आणि सही केली. चूक माझीही होती, पण मला तर सहीसुद्धा करता येत नाही.

नवी बॅटरी बसली. जिन्याची वीज बंद करून तो स्टूल टाकून तीन तास माझ्यासमोर बसला. आता दर वर्षी बसतो, कोणी काही म्हणो. कारखान्यातले ते दोघे मला आता रोज आठवतात. ते वेळेवर विझले आणि खरं तेच दाखवून गेले.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या जिन्यात माझा एखादा भाऊ असेल. त्याला नुसती शाबासकी देऊ नका. तो शेवटपर्यंत टिकतो का ते मोठ्यांना बघायला सांगा, आणि विझला तर विझला असंच लिहायला सांगा. त्यात त्याचा अपमान नाही.

परवा आजी तपासणीला आल्या होत्या. प्लास्टर केव्हाच निघालंय, पण बोटांत अजूनही सुई ठरत नाही. जिन्याची वीज बंद होती, लिफ्टही थांबवलेली, आणि मी यंदाच्या तीन तासांच्या परीक्षेत होतो, छान पेटलेला.

"आजी, आता खुशाल उतरा. दिवा पक्का आहे," काठीकाका म्हणाला.

"असेल बाबा," आजी म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने कठडा धरला, पायाने एकेक पायरी चाचपली आणि माझ्या उजेडात, माझ्याकडे न बघता, त्या खाली उतरत गेल्या.