डिकीवरचं नाव

आपला हात जगन्नाथ, असं मी आयुष्यभर म्हणत आलो. शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि घरी आलो की गाडीखाली शिरलो. आमची लाल मारुती दोन हजार तीन सालची. एवढ्या वर्षांत गॅरेजवाल्याचा हात मी तिला लागू दिला नाही. हे लोक एक स्क्रू पिळायला घेतात आणि दोन ओरखडे काढून ठेवतात, वर ‘सर सर’ करत चहा पाजतात. प्लग, ब्रेकचं तेल, पोचे, रंग, सगळं मीच. भवानी पेठेतल्या आमच्या बोळातून गाडी काढायची म्हणजे महिन्याला एक ओरखडा ठरलेला, त्यामुळे लाल रंगाची बाटली आणि पॉलिश पेपर घरात कायम असतात.

ज्ञानदा, आमची एकुलती एक, पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी मी नंबरप्लेटला पांढरा रंग दिला आणि जेवायला आत गेलो. येऊन बघतो तर बाईसाहेबांनी ब्रश उचलून डिकीवर स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं. तेही कसं, तर ‘द्न्यानदा’. ज्ञ अजून शिकवला नव्हता, म्हणून कानाला आलं तसं लिहून मोकळी. आणि मी कोण, तर लोकांच्या लग्नपत्रिकेतली वेलांटीसुद्धा लाल पेनानं दुरुस्त करणारा माणूस. लोक मला आमंत्रण द्यायला बिचकायचे. पण ते नाव काही मला पुसवेना. पंधरा वर्षं ती चूक मिरवत मी अख्खं सोलापूर हिंडलो.

मग तिनं सिद्धरामशी लग्न करायचं ठरवलं. सिद्धराम मंगळवेढ्याकडचा, घरची मेंढरं, थोडी ज्वारीची शेती. मुलगा कॉलेजात तिच्याच वर्गातला, हुशार, पण बोलणं गावाकडचं. मी म्हणालो, मराठीच्या मास्तराच्या घरात ‘हाय-न्हाय’ करणारा जावई चालायचा नाही. खोटं कशाला बोलू, जात काढायची लाज वाटली म्हणून भाषा काढली.

तिनं लग्न केलं. कळलं त्याच दुपारी मी पॉलिश पेपर घेऊन डिकीपाशी बसलो. आधी खरखरीत कागदानं पार पत्र्यापर्यंत घासलं. मग लांबी भरली, म्हणजे पत्रा सपाट करायचा तो लगदा. मग प्रायमर, मग लाल रंगाचे तीन हात. शेजारचे चनबसप्पा बघून म्हणाले, इथं काही होतं असं वाटतच नाही. मला बरं वाटलं. देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी मला त्या कामाचा अभिमान वाटला.

सहा वर्षं ती आली नाही, मी बोलावलं नाही. प्रेमला, माझी बायको, तिच्याशी चोरून फोनवर बोलायची आणि मला कळत नाही असं मी दाखवायचो. नातीचं नाव सासरच्या देवीवरून मायाक्का ठेवलं, तेव्हाही मी नाक मुरडलं. गेल्या मार्गशीर्षात ज्ञानदाला कावीळ झाली. आठवड्यात खेळ आटोपला. आम्ही मंगळवेढ्याला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मुलीचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही.

त्यानंतर परवा गुरुवारी सिद्धरामचा फोन आला. प्रेमलानं तो माझ्या कानाला लावला. तो म्हणाला, सर, रविवारी पोरीला घेऊन येऊ का. तिची आई तिला रोज झोपताना सांगायची, सोलापुरात माझ्या बाबांच्या गाडीवर माझं नाव हाय, मी लिहिलेलं. ते बघायचंय म्हणून पोर हटून बसली होती.

म्हणजे ज्ञानदाला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ती लेकीला सांगत राहिली की नाव आहे. आणि प्रेमलानं तिला कधी कळू दिलं नाही.

रेडियमवाल्याकडून नवं नाव कापून आणू, असं मी म्हणालो. प्रेमला म्हणाली, ते दुकानाचं होईल, तिच्या हातचं कसं होईल. आणि मग फार आशेनं म्हणाली, अहो, तुम्ही वरून रंग मारला होता ना, मग खाली असेलच की ते.

शुक्रवारी सकाळी बारीक पेपर घेऊन बसलो, ती मगानं पाणी ओतत राहिली. घासताना मलाही वाटायला लागलं की असेल, एखादा कोपरा सुटला असेल, निदान तिरक्या ‘द’ची शेपटी तरी. माणूस म्हणतो ना की काम चोख केलं, पण कुठंतरी चुकतोच. लाल रंग निघाला. करडं प्रायमर निघालं. पिवळट लांबी निघाली. मग पत्रा चकाकला. पांढरा ठिपकासुद्धा नव्हता.

मग मी सांगून टाकलं, की त्या दिवशी मी पत्र्यापर्यंत घासलं होतं.

तिनं पाण्याचा मग खाली ठेवला. म्हणाली, “तुम्ही कुठलंच काम अर्धवट सोडत नाही.”

चिडून बोलली असती तर मी उलट बोललो असतो. ती चिडली नव्हती. मी अंगणात ओल्या पेपरवर हात ठेवून रडलो, रस्त्यावरच्या लोकांनी बघितलं तरी रडलो.

शनिवारी पुन्हा लांबी, पुन्हा प्रायमर, पुन्हा लाल. उन्हानं गाडीचा रंग विटलाय, त्यामुळे नवा चौकोन वेगळा दिसत होता, पण तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. रविवारी सकाळी रंग वाळल्यावर पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. लहान मुलाचं वाटावं म्हणून अक्षरं मुद्दाम वाकडी काढली, एक वर, एक खाली. प्रेमला मागं येऊन उभी राहिली, नाव बघितलं आणि आत गेली. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

अकराच्या सुमाराला ते आले. सिद्धराम वाळला होता. पायाला हात लावायला वाकला तेव्हा मी त्याला अर्ध्यावर धरलं. माया त्याचं बोट सोडून थेट गाडीमागं गेली. साडेपाच वर्षांची पोर, कपाळ अगदी ज्ञानदाचं. अक्षरांवरून बोट फिरवत ती उभी राहिली. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, हे बघ तुझ्या आईचं नाव.

तिनं मान हलवली. “हे आईचं न्हाय.”

मी विचारलं, का गं.

“आईनं चुकवून लिहिलं होतं. द-ला न जोडून. मला पाटीवर काढून दावलंय की तिनं. हे तर बरोबर हाय.”

मी डिकीकडे बघितलं. वाकड्यातिकड्या अक्षरांत, जोडाक्षरासकट, निर्दोष लिहिलेलं होतं, ‘ज्ञानदा’. चौतीस वर्षांचा हात. चूक करायची म्हणून बसला होता आणि त्याला ती करता आली नव्हती.

पोर माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसतं विचारायचं म्हणून. “आई म्हणायची, बाबा सगळ्यांच्या चुका खोडतेत, पर माझी न्हाय खोडली. आजोबा, तुमी खोडली व्हय?”

सिद्धराम घाईनं पुढं झाला, तिला उचलायला. मी हातानंच त्याला थांबवलं.

“व्हय,” मी म्हणालो. “मीच खोडली.”